पाच पट कमी म्हणजे किती

गनीभाऊ पिंजारी यांच्या शेजारच्या टेबलावर मी नऊ वर्षं बसले. त्यातली सहा-सात वर्षं मला त्यांचा राग येत होता. नंतरच्या वर्षांत रागाची जागा कशानं घेतली ते मला नीट सांगता येत नाही, पण राग पूर्ण गेला असंही नाही. आजही इंग्रजी बातमी वाचताना एखाद्या वाक्यापाशी मी अडखळते, तोच परिच्छेद तिसऱ्यांदा वाचते, चहा गार होतो, आणि मनात येतं, या माणसानं माझं साधं वाचणंसुद्धा नासवून ठेवलं.

आमचं दैनिक जळगावातून संध्याकाळी निघायचं. त्यामुळे डेस्कवरचं काम सकाळी सातला सुरू व्हायचं आणि साडेअकराला शेवटचं पान छपाईला सोडावं लागायचं. मधल्या साडेचार तासांत वृत्तसंस्थेच्या इंग्रजी बातम्या मराठीत आणायच्या, जळगाव-धुळ्याच्या वार्ताहरांचं लिखाण सरळ करायचं, मथळे द्यायचे. पाच माणसं होतो. चौघं धावायचो. पाचवे गनीभाऊ. ते एका वाक्यावर बसून असायचे.

उंच, खांद्यात वाकलेले, उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट. चष्मा कपाळावर चढवायचा आणि कागद नाकाला लागेल इतका जवळ धरायचा ही त्यांची वाचायची पद्धत. टाइप एका बोटानं करायचे. घराणं सोनगीरचं, कापूस पिंजून गाद्या-रजया भरणारं. स्वतः काही वर्षं धुळ्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होते, मग तिथून वर्तमानपत्रात आले. शाळा का सोडली हे कुणी विचारलं तर म्हणायचे, "मुलं कंटाळली." ती कशाला कंटाळली असतील हे आम्हाला विचारावं लागलं नाही.

त्यांचं वेड एकच. इंग्रजी बातमीत कुठं तुलना आली की त्यांचा हात थांबायचा. थ्री टाइम्स मोअर, फाइव्ह टाइम्स लेस, नो मोअर दॅन, नॉट लेस दॅन, अ‍ॅज मेनी अ‍ॅज. आमच्या दृष्टीनं ही वाक्यातली किरकोळ चिल्लर होती. गनीभाऊंच्या दृष्टीनं बातमी तिथंच होती आणि बाकीचं सगळं नुसतं वेष्टण.

माझ्या पहिल्याच आठवड्यात मी लिहिलं होतं, 'अमुक शहरात यंदा पाच पट कमी पाऊस.' इंग्रजीत तसंच होतं. गनीभाऊ खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी आले.

"ताई, पाच पट कमी म्हणजे किती?"

"म्हणजे खूप कमी."

"खूप नका सांगू. गेल्या वर्षी एक बादली पडला असं धरा. त्यातून एक पट काढली. काय उरलं?"

"काही नाही."

"मग उरलेल्या चार पटी कुठून काढल्या? आभाळाला परत दिल्या का?"

मी नुकतीच इंग्रजीत एम.ए. होऊन आले होते. चेहरा तापला. म्हटलं, इंग्रजीत असंच म्हणतात. "म्हणू दे त्यांना," ते म्हणाले. "ते चुकले म्हणून आपणही चुकायचं असा करार झालाय का?" मग त्यांनी ते वाक्य पुसलं आणि लिहिलं, 'गेल्या वर्षीच्या पाचव्या हिश्शाइतकाच पाऊस.' वाक्य चांगलं होतं, हे मला तेव्हाही कळलं. म्हणूनच जास्त राग आला.

'तीन पट जास्त'चं प्रकरण त्याहून बिकट. त्यासाठी त्यांच्या खणात तुरीच्या डाळीची पुडी असायची. टेबलावर एक डाळ ठेवायची. "ही कालची. आज तीन पट. किती झाल्या?" तीन. "आता आज तीन पट जास्त. म्हणजे कालची एक आहेच, तिच्यावर तीन जास्त. किती?" चार. "आणि लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं, तीन का चार?" ते कुणालाच माहीत नसायचं. मग गनीभाऊ मूळ आकडे शोधत बसायचे, धुळ्याच्या कार्यालयात फोन लावायचे, वृत्तसंस्थेला मेल टाकायचे, आणि पान लावणारा किरण माझ्याकडे बघून डोळे मिटून घ्यायचा. आकडे कधी मिळायचे, बहुतेक वेळा नाही. नाही मिळाले की गनीभाऊ लिहायचे, 'कित्येक पटींनी.' म्हणायचे, "माहीत नाही हे सांगायला लाज कसली?"

'तब्बल' या शब्दाशी त्यांचं उभं वैर होतं. इंग्रजीत 'अ‍ॅज मेनी अ‍ॅज' आलं की आम्ही डोळे झाकून 'तब्बल' ठोकायचो. तब्बल चाळीस जण, तब्बल बारा गावं. गनीभाऊ ते शोधून शोधून काढायचे. "तब्बल म्हणजे वार्ताहरानं मारलेली फुंकर. आकडा फुगलेला दिसतो, असतो तेवढाच." एकदा एका नवख्या मुलीनं 'सेकंड ओन्ली टू'चं भाषांतर 'केवळ दुसऱ्या क्रमांकावर' असं केलं. त्यांनी तिला प्रेमानंच सांगितलं, पण तिला रडू आलं. "अहो, एक सोडून बाकी सगळ्यांच्या पुढे, असा अर्थ आहे. तुम्ही त्या बिचाऱ्याला कौतुक करता करता मागं ढकललं." मुलगी पुढच्या महिन्यात बँकेत लागली.

भाषांतर झालं की पडताळायची त्यांची एक रीत होती. खाली दारावर तुकाराम नाना नावाचे पहारेकरी बसायचे, सातवी शिकलेले. गनीभाऊ जिना उतरून जायचे आणि वाक्य त्यांना वाचून दाखवायचे. "नाना, कमी झालं का जास्त?" नानांनी पटकन सांगितलं तर वाक्य पास. नाना डोकं खाजवायला लागले तर गनीभाऊ परत वर, पुन्हा एका बोटानं टाइप. दिवसातून चार-पाच वेळा हा जिना व्हायचा. नाना मला एकदा म्हणाले, "मॅडम, माझी ड्युटी गेटची आहे का परीक्षेची, ते साहेबांना विचारून घ्या."

बाहेरही सुटका नव्हती. एका शाळेचे मुख्याध्यापक निकालाची बातमी घेऊन आले, पेढ्यांसकट. निकाल दहा टक्क्यांनी वाढला म्हणाले. गनीभाऊंनी पेढा घेतला, तोंडात टाकला आणि विचारलं, "साठाचा सत्तर झाला का साठाचा सहासष्ट?" मुख्याध्यापक गोंधळले. सत्तर, म्हणाले. "मग दहा टक्के नका म्हणू. साठावरून सत्तरवर गेला म्हणा. दहा टक्के म्हटलं तर शंभरातली तुमची चार मुलं मार खातात." गृहस्थाला वाटलं, हे शाळेला कमी लेखतायत. ते सरळ आमच्या संपादकांकडे, देवरे साहेबांकडे गेले. देवरे साहेब मऊ बोलणारे, पण त्या दिवशी त्यांनी गनीभाऊंना आत बोलावून घेतलं आणि दार लावलं. गनीभाऊ बाहेर आले ते पुटपुटत, "फायद्याचं सांगितलं तरी राग येतो."

ईदला ते आम्हा सगळ्यांना घरी बोलवायचे. त्यांची बायको, शमीमभाभी, शीरखुर्मा असा करायच्या की आम्ही सकाळी घरून उपाशी जायचो. एका ईदला मी मनापासून म्हटलं, "भाभी, यापेक्षा चांगला शीरखुर्मा मी कधी खाल्ला नाही."

गनीभाऊ वाटीत बघत म्हणाले, "म्हणजे इतकाच चांगला दुसरीकडे खाल्ला असू शकतो."

भाभींचा हात पातेल्यातच थांबला. मला जमीन फाटावी असं वाटलं. भाभी शांतपणे म्हणाल्या, "ताई, इनको छोडो. तुम खाओ." आणि नवऱ्याच्या पुढ्यातली वाटी उचलून आत घेऊन गेल्या. गनीभाऊ खरंच गोंधळलेले दिसले. "मी चूक म्हणालो का?" त्यांनी मला विचारलं. ते चूक नव्हते. कधीच नसायचे. तीच तर अडचण होती.

हे सगळं सांगितलं ते यासाठी, की पुढचं जे झालं त्यात माझं वागणं समजावं. समजावं म्हणते, माफ व्हावं असं नाही.

त्या सकाळी गनीभाऊंनी एका बातमीतल्या 'मोअर दॅन हाव्ह्ड'साठी पान वीस मिनिटं अडवलं होतं. निम्म्याहून कमी झालं, का निम्म्याहून जास्त उरलं, यावर त्यांचं आणि किरणचं वाजलं. देवरे साहेब केबिनमधून बाहेर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "गनीभाऊ, गाड्या थांबल्यात. आज परत पान अडवलंत तर मला दुसरी व्यवस्था बघावी लागेल." गनीभाऊंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, पुसला, पुन्हा घातला.

पंधरा मिनिटांनी माझ्याकडे साक्री तालुक्यातली एक छोटी बातमी आली. डोंगराकडचं लहान गाव. नाव लिहीत नाही. तिथल्या जुन्या विहिरीचं पाणी पिण्यालायक नाही हे आधीच ठरलं होतं, लोक टँकरची वाट बघत होते. आता गावात नवा बोअर झाला होता आणि त्याच्या पाण्याचा तपासणी अहवाल वार्ताहरानं मोबाइलवर फोटो काढून पाठवला होता. अहवाल इंग्रजीत. शेवटचं वाक्य असं होतं: 'द वॉटर ऑफ द न्यू बोअर इज नो लेस कंटॅमिनेटेड दॅन दॅट ऑफ द ओल्ड वेल.'

मी घाईत होते. डोळ्यांनी 'नो' उचललं, 'लेस' उचललं, 'कंटॅमिनेटेड' उचललं, आणि डोक्यानं त्यांची आपल्या सोयीनं मोट बांधली. मी लिहिलं, 'नव्या बोअरचे पाणी जुन्या विहिरीइतके दूषित नाही.' मथळा दिला, 'गावाला नव्या बोअरचा दिलासा.' चार ओळींची बातमी.

गनीभाऊ माझ्या पडद्याकडे बघत होते. "ताई, कशापेक्षा काय आहे? मूळ वाक्य दाखवता?"

मी म्हटलं, "गनीभाऊ, पान सोडायचंय. एवढं इंग्रजी मला येतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग केबिनच्या दाराकडे. "बरं," ते म्हणाले, आणि आपल्या टेबलाकडे वळले. इतक्या वर्षांत ते असं पहिल्यांदाच मागं हटले होते, आणि मला बरं वाटलं. हे मी लिहून ठेवते, कारण तेच मला विसरता येत नाही.

पाचव्या दिवशी सकाळी वार्ताहराचा फोन आला. गावात जुलाब-उलट्या. घरोघरी एक-दोन जण. बरेच साक्रीच्या दवाखान्यात, आणि एका सात वर्षांच्या मुलीला धुळ्याला हलवलं. लोक नव्या बोअरचं पाणी प्यायला लागले होते. आमच्या बातमीचं कात्रण कुणीतरी ग्रामपंचायतीच्या भिंतीला चिकटवलं होतं, असंही त्यानं सांगितलं. तो दोष देत नव्हता. बातमी देत होता.

मी फोन ठेवला आणि तो अहवालाचा फोटो पुन्हा उघडला. वाक्य वाचलं. पुन्हा वाचलं. आता ते इतकं स्वच्छ दिसत होतं की आधी कसं दिसलं नाही याचीच भीती वाटली. जुन्यापेक्षा कमी दूषित आहे असं नाही. म्हणजे तितकंच, कदाचित जास्त. मी फोन तसाच गनीभाऊंपुढे धरला.

त्यांनी चष्मा वर केला, फोन नाकाशी नेला. मला वाटलं, आता डाळ निघणार. पण त्यांनी फोन हळूच टेबलावर ठेवला.

"मी विचारलं होतं," ते म्हणाले.

"हो."

"आणि मग गप्प बसलो."

मी म्हटलं, चूक माझी आहे. ते एकदम चिडले. "वाटणी नंतर करू. मुलगी कुठल्या दवाखान्यात आहे ते विचारा."

देवरे साहेब मुळात वाईट माणूस नव्हते, पण वर्तमानपत्र चालवणारे होते. त्यांनी ठरवलं, चौथ्या पानावर खाली दोन ओळींचा खुलासा. 'नजरचुकीने' वगैरे. गनीभाऊ केबिनमध्ये उभेच राहिले.

"साहेब, बातमी पहिल्या पानावर गेली होती."

"चार ओळींची होती, गनीभाऊ."

"मग चार ओळीच द्या. पण पहिल्या पानावर, त्याच जागी. आणि मथळ्यात स्पष्ट लिहा, पाणी पिऊ नका. नजरचूक हा शब्द घालू नका. नजर चुकली नव्हती, वाचलं नव्हतं."

"लोक काय म्हणतील?"

"जे म्हणायचं ते म्हणतील. पाणी तरी पिणार नाहीत."

साहेब नाही म्हणाले. गनीभाऊ म्हणाले, मग उद्यापासून मी येत नाही. आवाज चढवला नाही. साहेबांनी इतकी वर्षं दुसऱ्या व्यवस्थेची धमकी दिली होती. आता पहिलीच व्यवस्था स्वतःहून निघाली तेव्हा त्यांना घाम आला. त्या दिवशीचा खुलासा पहिल्या पानावर, चौकटीत गेला. मजकूर गनीभाऊंनी लिहिला. लिहून झाल्यावर जिना उतरले. नानांना वाचून दाखवला. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

दुपारी निघताना ते मला म्हणाले, "उद्या सकाळी सहाची धुळ्याची गाडी. येता का?" विचारलं असं म्हणते, पण त्यात विचारण्यासारखं फार नव्हतं.

गाडीत त्यांच्या पिशवीत केळी होती, मला एक दिलं, स्वतः खाल्लं नाही. दवाखान्यात मुलगी शोधायला वेळ लागला. कविता तिचं नाव. हाताला सलाईन, ओठ सुकलेले, पण जागी होती. आई जमिनीवर बसली होती. आम्ही कोण ते गनीभाऊंनी सांगितलं. आम्ही पेपरवाले, तुमच्या गावची बातमी आम्हीच चुकीची लिहिली.

मला वाटलं, बाई ओरडेल. ती आमच्याकडे बघत अहिराणीत म्हणाली, "माले वाचता येत नही. पोरीनंच वाची दखाडं व्हतं."

म्हणजे सात वर्षांच्या मुलीनं भिंतीवरचं कात्रण अक्षर अक्षर लावून आईला वाचून दाखवलं होतं. दूषित नाही. तेवढे शब्द तिला जमले असणार. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन उभी राहिले. गनीभाऊ आतच होते. थोड्या वेळानं बाहेर येऊन म्हणाले, "डॉक्टर म्हणतात, आता बरी आहे." आणि पहिल्यांदाच त्यांनी त्या वाक्याला पुढचा प्रश्न जोडला नाही.

साक्रीहून जीपनं गावात पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर दहा-बारा माणसं जमली. सरपंच तरुण होता, संतापलेला होता, आणि त्याचा संताप बरोबर होता. कात्रण त्यानंच लावलं होतं. "आम्ही सरकारी अहवालाची वाट बघत बसलो असतो," तो म्हणाला. "तुमच्या पेपरवर विश्वास ठेवला." गनीभाऊंनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. मी बोलायला तोंड उघडलं, इंग्रजीत 'नो लेस दॅन' असं होतं, त्यात दोन नकार एकमेकांना... तेवढ्यात ओट्याच्या कडेला बसलेल्या एका म्हातारीनं मला थांबवलं.

"बाई, ते ऱ्हाऊ दे. कमी शे का जास्ती शे, इतलंच सांग."

उत्तर गनीभाऊंनी दिलं.

"सारखंच शे, अक्का. दोन्हीस्नं पानी खराब शे. पेवानं नही. टँकरनं पानीबी उकाळीसन प्या."

"मंग असं लिखानं व्हतं ना," म्हातारी म्हणाली.

"व्हतं," गनीभाऊ म्हणाले. असंच लिहायला हवं होतं.

त्यांनी घरून एका जाड कागदावर हेच, दोन्हीकडचं पाणी पिऊ नका, टँकरचंही उकळून प्या, असं अहिराणीत मोठ्या अक्षरांत लिहून आणलं होतं. मला माहीत नव्हतं. भिंतीवरचं आमचं कात्रण त्यांनी नखानं खरवडून काढलं आणि तिथं तो कागद लावला. सरपंचानं खळ आणून दिली. त्याचा राग गेला नव्हता, पण खळ आणून दिली.

कविता सहाव्या दिवशी घरी गेली. बाकीचेही बरे झाले. कुणाचा जीव गेला नाही. हे मी त्यांच्याच शिस्तीत लिहिते आहे. यात 'सुदैवानं' घालायचा मोह होतो, पण तो शब्द आमच्या बाजूचा आहे, गावाच्या नाही.

यानंतर मी बदलले आणि गनीभाऊ आणखी असह्य झाले. डेस्कमागच्या भिंतीवर त्यांनी एक यादी लावली. डावीकडे इंग्रजी वाक्प्रयोग, उजवीकडे मराठीत काय लिहायचं. यादी वाढत गेली, कागदाला कागद चिकटत खिडकीपर्यंत पोचली. आता पान अडवणारी आम्ही दोन माणसं होतो. किरणनं देवरे साहेबांकडे लेखी तक्रार केली. मला गनीभाऊंचा अजूनही राग यायचाच, विशेषतः अकरा पंचवीसला. फक्त मी मूळ वाक्य दाखवायला नाही म्हणत नव्हते.

गेल्या दोन-तीन वर्षांत भाषांतर करणारी यंत्रं आली. देवरे साहेबांनी एक दिवस सगळ्यांना बोलावून दाखवलं. इंग्रजी टाकायचं, मराठी बाहेर. गनीभाऊ खुर्ची ओढून बसले आणि आठवणीतून ते अहवालाचं वाक्य टाइप केलं. एका बोटानं. पडद्यावर आलं: 'नव्या बोअरचे पाणी जुन्या विहिरीच्या पाण्याइतकेच दूषित आहे.'

मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. यंत्र चुकावं अशी माझी इच्छा होती, आणि त्यांचीही असावी. त्यांनी ते वाक्य दोनदा वाचलं. "बरोबर आहे," म्हणाले. इतक्या नाखुशीनं मी कुणाला बरोबर म्हणताना ऐकलेलं नाही. मग त्यांनी 'फाइव्ह टाइम्स लेस'चं वाक्य टाकलं. यंत्रानं बिनदिक्कत 'पाच पट कमी' लिहिलं. गनीभाऊंचा चेहरा जरा उजळला. "याला शिकवावं लागेल," ते म्हणाले. पण यंत्राला शिकवायची जागा कंपनीच्या मनात नव्हती. डेस्कवर दोन माणसं पुरेशी आहेत असं ठरलं. गनीभाऊंचं वय झालंच होतं. निरोपाच्या दिवशी साहेब भाषणात म्हणाले, असा काटेकोर माणूस पुन्हा होणार नाही. गनीभाऊंनी ते तपासल्यासारखं ऐकलं. शाल घेतली, भिंतीवरची यादी काढून गुंडाळली आणि मला दिली. "नवीन आलं की भर टाका," एवढंच म्हणाले.

ते सोनगीरला घरी राहायला गेले. मी गेल्या हिवाळ्यात एका कामासाठी धुळ्याला गेले होते तेव्हा वाकडी वाट करून त्यांच्याकडे गेले. शमीमभाभींनी दारातच गाऱ्हाणं मांडलं. दिवसभर टीव्हीशी भांडतात, म्हणाल्या, बातम्या लावतात आणि बातम्या सांगणाऱ्या बाईला उत्तरं देत बसतात. शेजारी विचारतात, घरात कोण आलंय. गनीभाऊ वाळले होते. डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाली होती, चष्मा बदलला होता, पण वाचताना कपाळावर चढवायची सवय तीच. माझ्याकडे आदल्या दिवशीचा आमचा अंक होता. पहिलं पान त्यांनी नाकाशी धरलं. मी चहा पीत, शिक्षा व्हायची वाट बघत बसले.

"मथळा कुणाचा?"

"माझा."

त्यांनी पान उलटलं. पुढं काही विचारलं नाही. मला जळगावपर्यंत कळलं नाही की ते चांगलं होतं का त्यांनी नाद सोडला होता.

मला सोडायला फाट्यापर्यंत चालत आले. नको म्हटलं तरी. हायवेवर ट्रक जात होते, धूळ उडत होती. धुळ्याची गाडी आली. मी चढले, खिडकीशी जागा मिळाली. त्यांनी हात केला आणि गाडी सुटायची वाट न बघता वळले. वाटेत कापडाचं एक नवीन दुकान उघडलं होतं, बाहेर मोठा फलक. 'सर्व मालावर ५० टक्क्यांपर्यंत सूट.' गनीभाऊ त्याच्यापुढे थांबले. चष्मा वर गेला. ते फलकाच्या अगदी जवळ गेले, वाचलं, एक पाऊल मागं आले, पुन्हा वाचलं. आतून दुकानदार उठून बाहेर आला, गिऱ्हाईक आलं असं समजून, हात जोडून. गनीभाऊंनी बोट 'पर्यंत'वर ठेवलं आणि त्याला काहीतरी विचारलं. दुकानदाराचं हसू तसंच राहिलं, पण डोळे बदलायला लागले होते, तेवढ्यात कंडक्टरनं घंटी मारली आणि माझ्या खिडकीच्या आणि त्या दुकानाच्या मधे एक ट्रक आला. तो पुढे सरकला तेव्हा दुकानदार डोकं खाजवत होता, आणि गनीभाऊ त्याच्या उत्तराची शांतपणे वाट बघत उभे होते.